खेळवेड्या माणसासाठी पुणे चांगलं शहर आहे का?

हो, आणि ते फक्त मोठ्या स्टेडियममुळे नाही. इथल्या मैदानांना आठवणी आहेत. १९४८ साली पूना क्लबवर रणजी क्रिकेट सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनचा एका डावातल्या ४५२ धावांचा विक्रम हाकेच्या अंतरावर होता, आणि समोरच्या काठियावाड संघाने सामनाच सोडून दिला! मला आजही हळहळ वाटते. नेहरू स्टेडियमवर तर १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं होतं.

गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम देखणं आहे, पण शहरापासून लांब. परतीची सोय आधीच करून ठेवा.

क्रिकेटपलीकडचं बघायचं असेल तर बालेवाडी, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं संकुल. कबड्डीचा सामना असेल तर चुकवू नका.