रुसलेले बाबा

प्रश्न : न्यू जर्सीत लेकीच्या स्काउट ट्रूपची (तुकडीची) मी स्वयंसेवक लीडर आहे. नेहमी मदतीला येणाऱ्या एका बाबांना कॅम्पवर रात्री राहू दिलं नाही, तर ते रुसले. माझं चुकलं का?

उत्तर : नाही हो ताई. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका (आताची स्काउटिंग अमेरिका) या संघटनेत १ सप्टेंबर २०२३ पासून ट्रूपच्या मुक्कामाला राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंदणी लागते. त्यात पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण आलंच. मी लीडर होतो तेव्हा समोसे पोचवायला आलेले काका खुशाल तंबू ठोकायचे! पण २०२० मध्ये संघटनेची दिवाळखोरी झाली, त्यात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे ऐंशी हजारांहून जास्त दावे आले. त्यानंतर नियम कडक झाले. (मुलींचे ट्रूप मात्र त्याआधीच, २०१९ पासून निघाले.) बाबांना चहाला बोलवा, अर्ज तिथेच भरून घ्या.