नर्सिंगचं पहिलं वर्ष, इंग्रजीची भीती आणि पाण्यात टाकलेले बेदाणे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गाव जत तालुक्यातलं, घरात कन्नड, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्सला ६१ टक्के, नीटमध्ये काही जमलं नाही. आता बी.एस्सी. नर्सिंग, जीएनएम (नर्सिंगचाच डिप्लोमा) की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), आणि पहिल्या वर्षाचे विषय इंग्रजीतून झेपतील का. मी मिरजेत अठरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवते, त्याआधी सात वर्षं वॉर्डात होते. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगं करते.

कोर्सचं आधी उरकते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची वेगळी सीईटी असते. तुझे गुण त्यात बसतात. जीएनएम तीन वर्षांचं, आर्ट्सच्या मुलींनाही चालतं, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी. होता येतं. माणसांपेक्षा सॅम्पल आणि मशीन यांत तुझा जीव रमत असेल, तरच डीएमएलटीचा विचार कर. माझं मत विचारशील तर बी.एस्सी. नर्सिंगच घे. मात्र फी भरण्याआधी एकच प्रश्न विचार: पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी होईल का? ‘नर्सिंगचा कोर्स’ म्हणून सहा महिन्यांचे, वर्षाचे वर्ग गल्लोगल्ली निघालेत. तसा एक कोर्स करून, दोन वर्षं आणि वडिलांनी म्हैस विकून भरलेले पैसे घालवून एक मुलगी आमच्याकडे आली होती. नोंदणी काही मिळाली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तिने.

आता पहिल्या वर्षाचं सांगते. अ‍ॅनाटॉमी (शरीराची रचना), फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं ते), सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन पहिल्या सेमिस्टरला; बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन दुसऱ्याला. मुली अ‍ॅनाटॉमीला घाबरतात, कारण नावं फार. पण २०६ हाडांतली बरीचशी स्वतःच्या अंगावर चाचपून पाठ होतात. खरी अडतात ती फिजिऑलॉजीत, कारण तिथे पाठांतर पुरत नाही.

तुमच्याकडे बेदाणे असतातच. रात्री चार बेदाणे पाण्यात टाक, सकाळी टम्म फुगलेले दिसतील. आत साखर दाट, बाहेर नुसतं पाणी. साल पाण्याला आत येऊ देते, साखरेला सहजी बाहेर सोडत नाही. पुस्तकात याला ऑस्मोसिस म्हणतात. आता रक्तातली तांबडी पेशी म्हणजे तसाच एक बेदाणा समज. शिरेतून नुसतं पाणी सोडलं तर पेशी फुगून फुटतील. म्हणून सलाईन ०.९ टक्क्यांचं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. त्याची दाटी रक्ताशी मिळतीजुळती. मेंदूला सूज असली की डॉक्टर कधी कधी ३ टक्क्यांचं सलाईन मागवतात. ते दाट, सुजेतलं पाणी बाहेर ओढतं. एक धडा कळला आणि दोन बाटल्यांतला फरक कळला. वॉर्डात तो फरक विसरणं परवडत नाही.

आणखी पुढे जा. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी आपल्या आज्याही द्यायच्या. त्यात साखर कशाला? चवीला नाही. आतड्याच्या पेशींवर एक वाहक असतो, तो सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबातही ही वाट बरीचशी चालू राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. पण ओआरएसचं, म्हणजे याच मीठ-साखरेच्या तयार पुडीचं, लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं किंवा वरून मूठभर साखर घातली, तर दाट पाणी आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. पुन्हा बेदाणाच! एखाद्या आईला ‘एक पाकीट, एक लिटर’ हे तू बजावून सांगशील, ते यासाठी.

इंग्रजीचं म्हणशील, तर हे शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलींनाही ते नवेच असतात. त्यांचे तुकडे शीक. हेपॅटो म्हणजे यकृत, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, आयटिस म्हणजे दाह, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. असे शंभरेक तुकडे दोनशे पानी वहीत मराठी अर्थासकट लिही, रोज पाच. धडा आधी मराठीत समजून घे, मग इंग्रजीत स्वतःच्या वाक्यात लिही. गाईडमधलं उत्तर तसंच्या तसं उतरवणाऱ्या मुली व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, गप्प बसतात, दरवर्षी बघते मी.

गणितही लागतं, फार नाही. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आणि सेट (सलाईनची नळी) मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती? ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो आधी बघायचा. हे तोंडी यायला हवं.

सोशिऑलॉजी आणि सायकॉलॉजी या विषयांना मुली ‘सोपे’ म्हणून बाजूला टाकतात, याचं मला वाईट वाटतं. पेशंटची भाषा आणि मन समजून घ्यायला तेच उपयोगी पडतात. मिरजेच्या वॉर्डात अथणी, विजापूरकडचे पेशंट कायम असतात. पोटात कळ कुठे येते, केव्हापासून, हे तिकडच्या एखाद्या कन्नड म्हातारीला मराठीत सांगता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच पोस्टिंगला अशा एका आजींशी कन्नडमधून बोलायला सुरुवात केली. दोन दिवस ‘जेवत नाही’ एवढीच नोंद होती. खरं म्हणजे त्यांना गिळताच येत नव्हतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. घरातल्या कन्नडची तू लाज बाळगल्यासारखं लिहिलं आहेस. अजिबात बाळगू नकोस.

कागदांचं आजपासूनच बघ. अधिवास दाखला लागतो, आणि लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर. वैधतेला सर्वांत जास्त वेळ जातो, ते प्रकरण समितीकडे आधी दाखल कर. सीईटीची तारीख त्या वर्षीच्या सरकारी सूचनेतच बघ, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नकोस.