आधी पोच घे

प्रिय मुला,

तुमच्या वस्तीतला माणूस पोलिसांच्या गोळीने गेला, त्यावर काल रात्री फोनवर तू म्हणालास, "मावशी, पहिल्या मोर्चाला सगळी वस्ती होती, आज बावीस जण आले." मग आवाज खाली आणून म्हणालास, "त्याच्यावर दोन गुन्हेही होते. लोक विचारतात, असल्यासाठी कशाला भांडता? मला उत्तर देता येत नाही."

गुन्हे होते तर त्याला कोर्टात उभं करायचं होतं. हे मी तुला शिकवायला नको, तुला ते कळतं म्हणून तर तू त्या बावीसांत होतास. पोलीस म्हणतात, स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. असेलही. पण ते चौकशीत ठरू दे. घटनेच्या रात्री निघालेल्या प्रेसनोटवर ते ठरत नाही.

मोर्चा ओसरला याचं मला काही वाटलं नाही. मोर्चे ओसरतातच, लोकांना पोटं आहेत. राग आला तो पुढच्या उत्तराचा. निवेदनाची पोच कुठे आहे, असं विचारलं, तर तू म्हणालास, "साहेबांनी स्वतः हातात घेतलं, फोटो आहे." अरे, फोटोवर आवक क्रमांक नसतो! उद्या साहेब बदलून गेले की तुमचं निवेदन कधी आलंच नव्हतं. कागद कर, पोच घे. बाकी सगळं त्यानंतर.

मी एवढी का चिडते ते सांगते. तीस वर्षांपूर्वी आमच्या भागातही एक मुलगा असाच गेला. तेव्हा मी भाषणं करायचे, आणि चांगली करायचे. हजारभर माणसं जमवली होती. तिसऱ्या दिवशी एक हमाल माझ्याकडे आला. त्याने सगळं पाहिलं होतं: गाडी कुठे थांबली, मुलाला कसं उतरवलं, त्याचे हात कुठे होते. मी ऐकलं, रडले, आणि संध्याकाळच्या सभेत ते सांगून टाकलं. लिहून घेतलं नाही. आठवड्याभरात तो माणूस गाव सोडून गेला, पुन्हा भेटला नाही. दोन वर्षांनी त्या मुलाची आई मला म्हणाली, "बाई, तुम्ही तर सांगत होता कोणीतरी पाहिलंय." त्या बाईंना देण्यासाठी माझ्याकडे एक ओळसुद्धा नव्हती.

त्यानंतर मी मंच सोडला. जुने सहकारी म्हणाले, दमली, घाबरली, अर्ज खरडत बसली. घाबरले नव्हते. अजूनही कोणी तसं म्हटलं की जिवाला लागतं, म्हणून हे तुला लिहून ठेवते. माझ्या भाषणांनी त्या आईच्या हातात काही पडलं नाही, एवढं मला दिसलं होतं.

मुंबईतल्या वर्सोव्याची बनावट चकमक वाच. ११ नोव्हेंबर २००६. माणसाला वाशीतून उचलल्याचं कळताच त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले. चकमक झाल्याचं जाहीर झालं ते त्यानंतर. तारेवर वेळ होती! तो माणूस आधीपासून पोलिसांच्या ताब्यात होता, हे त्या वेळेने धरून ठेवलं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यांत १३ पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांची जन्मठेप कायम केली आणि खालच्या कोर्टात सुटलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही ती दिली. सतरा वर्षं गेली. मधे, २०११ मध्ये, मुख्य साक्षीदाराचा साक्षीच्या तोंडावर खून झाला. म्हणून तुमच्या साक्षीदाराचं, त्या पानटपरीवाल्याचं, नाव ग्रुपवर टाकू नकोस. टाकलं असशील तर आत्ता काढ, हे वाचून होण्याआधी काढ.

तुमच्या निवेदनात "दोषींना निलंबित करा, फाशी द्या" लिहिलंय. निलंबन ही शिक्षा नव्हे. माणूस काही महिन्यांनी कामावर परत येतो. मागायचं ते सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला लिहूनच दिलंय. ते प्रकरण मुंबईचंच होतं: १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू. न्यायालयाने सोळा मुद्दे घालून दिले. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी. शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून, चित्रीकरणासह. पोलिसांची शस्त्रं तपासणीसाठी जमा. हे पाळलं नाही तर घरच्यांना सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. एकेका मुद्द्यावर वेगळा अर्ज कर: झालं का, कधी झालं, कोणी केलं. आणि एफआयआरची प्रत आण. पुष्कळदा ती मेलेल्या माणसाविरुद्धच असते, पोलिसांवर हल्ला केला म्हणून. तुमची कोणाविरुद्ध आहे? तुला माहीत नव्हतं. मुला, सव्वीस दिवस झाले!

सीसीटीव्हीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे पोलीस ठाण्यातलं चित्रण अठरा महिने राखायचं असतं, पण कोपऱ्यावरच्या दुकानाला कोणी तसं बांधलेलं नाही. तिथे आजच जा.

त्या २०१४ च्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. लोकांनी पेढे वाटले. त्या लहान मुलींचं ऐकून माझंही रक्त उसळलं होतं. पण आरोपीवरचा खटला त्याच्याबरोबरच संपला. पुढे त्याच्या आईवडिलांनी उच्च न्यायालयात सांगितलं, आता आम्हाला हे चालवायचं नाही. तरी न्यायालय थांबलं नाही, कारण पाच पोलिसांना जबाबदार धरणारा दंडाधिकाऱ्यांचा अहवाल तोवर समोर आला होता. माणसं थकली, कागद थकला नाही. तुझ्या बावीसांचे उद्या दोन होतील, तेव्हा हे आठव.

पोलीस सुधारणांवर सभा घ्यायची म्हणतोस. घे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण आहे, तपास आणि बंदोबस्त वेगळे करणं आहे, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळही आहे. हा शेवटचा मुद्दा तुमच्या पत्रकात नाही, तो घाल. मी सरळ चालणारे अधिकारी पाहिलेत आणि त्यांच्या बदल्याही पाहिल्यात. त्यांच्यासाठीही आपणच बोलायचं.

पण सभा नंतर. उपविभागीय दंडाधिकारी अशा चौकशीत वर्तमानपत्रात छोटी नोटीस देतात: कोणाला माहिती असल्यास अमुक तारखेपर्यंत हजर राहावे. ती कोणी वाचत नाही, आणि मुदत निघून जाते. गेल्या महिन्याभराचे अंक वाचनालयात बसून चाळ, आतली पानंही.

रविवारी सकाळी ये. टपरीवाल्याची तयारी असेल तर त्यालाही आण, मागच्या गल्लीतून आण. तो बोलेल तसं मी लिहून घेईन, त्याला वाचून दाखवीन, मग तारीख, वेळ आणि त्याची सही. जेवून जा दोघंही.

तुझी,
मावशी