शाळांच्या फुटबॉलमध्ये किटचा नियम रेफ्रीने किती ताणायचा?

चौदा वर्षांखालच्या मॅचला तुम्ही पहिल्यांदाच शिट्टी घेऊन उतरणार आहात आणि निम्म्या पोरांकडे धड किट नाही, मग कुणाला खेळू द्यायचं, असं विचारलंय. मी कोल्हापुरात बरीच वर्षं शाळांच्या मॅचना उभा राहतोय. माझा हिशेब असा: ज्याने कुणाला लागू शकतं तिथे सूट नाही, जे नुसतं दिसण्याचं आहे तिथे जरा डोळेझाक. आतल्या बनियनची बाही जर्सीच्याच रंगाची हवी हे नियमात आहे, पण त्यापायी गरिबाचं पोर बाहेर बसवायला माझा हात उठत नाही.

दागिन्यांचं मात्र कडक ठेवा. फुटबॉलच्या नियमावलीतल्या चौथ्या, म्हणजे किटच्या नियमात सगळे दागिने बंद आहेत, वर टेप गुंडाळून झाकलेलेही. कोच हीच पळवाट काढतात. मीही एकदा फसलोय. पोराच्या हातात स्टीलचं कडं, म्हणे साबण लावूनही निघत नाही. मी चिकटपट्टी लावू दिली. हेडरसाठी दोघं उडाले आणि समोरच्याची भुवई फाटली, तीन टाके पडले. आता कडं निघत नसेल तर पोरगं बाकावर.

राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मॅच असेल तर कात्री काढू नका, गाठ सोडायला सांगा. ताईताचंही तेच. ‘देवाचं आहे ते!’ असं आई कुंपणापलीकडून ओरडते. मी खिशात एक रिकामी डबी ठेवतो, सगळं त्यात जातं आणि मॅच संपली की ज्याचं त्याला. कमरेचा करदोटा मात्र मी तपासायला जात नाही.

मुलींच्या मॅचला हिजाब दिसला तर अडवू नका, 2014 पासून डोक्यावरचं आच्छादन चालतं. काळं किंवा जर्सीच्या रंगाचं हवं, जर्सीला जोडलेलं नको. टाचणी तेवढी काढायला लावा.

शिनगार्डच्या, म्हणजे नडगीवरच्या कवचाच्या जागी मोज्यातून वहीचा पुठ्ठा निघेल. पावसात दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. आधीची मॅच खेळून बाहेर पडणाऱ्या टीमकडून उसने मागा, पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल. शिनगार्डच्या मापाची जबाबदारी खेळाडूची, असं आता नियमातच आलंय. पण तेरा वर्षांच्या पोराला माप काय कळणार? कोचलाच पकडा. बुटाच्या तळव्यावरून स्वतः हात फिरवा. डांबरी रस्त्यावरून चालून झिजलेल्या प्लॅस्टिकच्या स्टडला, म्हणजे तळव्याखालच्या खुंट्यांना, ब्लेडसारखी धार येते.

मॅच चालू असताना किटमध्ये खोट दिसली तरी खेळ थांबवायची गरज नाही. चेंडू बाहेर गेला की पोराला बाहेर पाठवा, तपासल्यावरच आत घ्या. आणि पायातला बूट निसटला, पोराने तसाच मोज्यावर फटका मारला आणि गोल झाला, तर समोरचा कोच कितीही नाचला तरी गोल द्या. नियम पोराच्या बाजूने आहे.