चार सबस्क्रिप्शन आजच तोडा, पाचव्याला हात लावण्याआधी पासबुक बघा

सांगलीहून एका वाचक भगिनींनी लिहिलंय : दोन ओटीटी (१४९ आणि २९९ रुपये), फिटनेस ॲप (४९९), बातम्यांचं ॲप (१९९) आणि मुलाचा ऑनलाइन क्लास (२,४५०) असे पाच हप्ते दरमहा जातात, वापर कशाचाच नाही. फिटनेसवाले आणि क्लासवाले म्हणतात, बंद करायचं तर फोन करा. फोन केला की पलीकडची मुलगी इतकं गोड बोलते, की या 'बरं, राहू दे' म्हणून ठेवून देतात. फिटनेसवाल्यांनी तर आता वर्षाचा प्लॅन २,९९९ ला देऊ केलाय. तो घ्यावा, की यूपीआयमधून थेट ऑटोपे तोडावं?

ताई, तोडा. महिन्याच्या हिशेबाने वर्षाचे ५,९८८ होतात, म्हणून २,९९९ स्वस्त वाटतात. पण उघडतच नसलेल्या ॲपसाठी तेही जास्तच.

पहिली चारही सबस्क्रिप्शन आगाऊ पैशांची आहेत. पुढचा हप्ता गेला नाही की सेवा थांबते, सहसा मागे काही देणं उरत नाही. फक्त कुठे 'किमान इतके महिने' अशी अट मान्य केली नव्हती ना, तेवढं बघून घ्या. चारांचे मिळून महिन्याला १,१४६, म्हणजे वर्षाला १३,७५२ रुपये वाचतील.

यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडा, मँडेट (म्हणजे दरमहा पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी) निवडून रद्द करा आणि पिन टाका. शेजारीच 'पॉज'चं बटण असतं, त्यावर जाऊ नका. त्याने हप्ता काही काळच थांबतो. कार्डावरून जात असेल तर पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवायचं आणि त्यातच नकाराची सोय द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आपण न वाचता सारतो. प्ले स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन तिथल्याच यादीत जाऊन रद्द करायचं. ॲप फोनमधून काढलं म्हणजे संपलं, हा समज मलाही एकदा अकरा महिने महागात पडला होता. प्रत्येक वेळी 'रद्द झाले'चा स्क्रीनशॉट ठेवा.

आता क्लास. इथे घाई नको. पासबुकात त्या २,४५० समोर नाव कोणाचं आहे? क्लासऐवजी एखाद्या फायनान्स कंपनीचं असेल आणि पुढे 'एसीएच' (खात्यातून आपोआप हप्ता कापल्याची खूण) लिहिलं असेल, तर ते सबस्क्रिप्शन नाही, तुमच्या नावावरचं कर्ज आहे. क्लासला फी त्या कंपनीने आधीच दिलीय, तुम्ही ती कंपनीला फेडताय. बारापैकी पाच हप्ते गेलेत असं तुम्ही लिहिता, म्हणजे १७,१५० बाकी. मँडेट तोडलं तर कंपनी दंड लावेल, हप्ता परत गेला तर बँकही पैसे कापेल आणि थकबाकी क्रेडिट रिपोर्टमध्ये चढेल. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की ती समोर येईल.

म्हणून हप्ते चालू ठेवा आणि ई-मेल करा. क्लासला लिहा, कंपनीला प्रत द्या : 'प्रवेश रद्द करावा, उरलेली फी कर्जखात्यात परत करावी, खातं बंद झाल्याचं पत्र द्यावं.' पावती आणि परताव्याच्या अटी जोडा. अटींनुसार काहीच परत मिळत नसेल, तर उरलेले सात हप्ते भरणंच कमी नुकसानीचं. क्लास अटीही पाळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. सबस्क्रिप्शनच्या जाळ्यात अडकवून ठेवणं हा २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गैरप्रकार आहे, त्याचा उल्लेख करा. फायनान्स कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही ऑनलाइन तक्रार करता येते.

आणि ई-मेलमध्ये कारण लिहू नका. मुलाला वेळ नाही म्हणालात, तर ते रविवारची बॅच देतील.