९५ टक्क्यांच्या आत काय आहे, ते आधी बघ

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्तनाच्या सोनोग्राफीतली गाठ ओळखून ती साधी की कर्करोगाची, हे सांगणारा प्रोग्रॅम प्रोजेक्टसाठी केला. ‘बूसी’ या खुल्या प्रतिमासंचावर ९५ टक्के अचूकता मिळाली. मित्र म्हणतात, इलेक्ट्रॉनिक्स सोड, सरळ एआयकडे वळ. बाबा म्हणतात, डॉक्टर नसताना या क्षेत्रात तुला कोण विचारणार? काय करू?

उत्तर : इलेक्ट्रॉनिक्स सोडू नकोस. कारण सांगते, पण आधी त्या ९५ टक्क्यांकडे वळू.

बूसीमध्ये ७८० प्रतिमा आहेत : ४३७ साध्या गाठींच्या, २१० कर्करोगाच्या, १३३ निरोगी. प्रत्येक प्रतिमेला डोळे मिटून ‘कर्करोग नाही’ म्हणणारा प्रोग्रॅमही ७३ टक्के बरोबर ठरेल! म्हणून कर्करोगाच्या किती गाठी निसटल्या, ते वेगळं मोज. शिवाय या प्रतिमा साधारण ६०० स्त्रियांच्या आहेत. म्हणजे एकीचीच एक प्रतिमा प्रोग्रॅमला (मॉडेलला) शिकवताना आणि दुसरी त्याची परीक्षा घेताना वापरली गेली असू शकते. मग ती परीक्षा खरी ठरत नाही. जवळपास सारख्या दिसणाऱ्या जोड्या शोध आणि एकाच बाजूला ठेव. काही प्रतिमांवर गाठ मोजताना केलेल्या खुणाही तशाच राहिल्या आहेत. तुझं मॉडेल गाठीऐवजी त्या खुणा तर बघत नाही ना?

आता इलेक्ट्रॉनिक्सचं. पाण्याने भरलेल्या गाठीतून (सिस्ट) ध्वनी फारसा क्षीण न होता पुढे जातो, म्हणून तिच्यामागचा भाग उजळ दिसतो. कर्करोगाच्या अनेक गाठींमागे उलट काळी सावली पडते. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे या प्रतिमा वाचणारे डॉक्टर, हे बघतात, कडा बघतात, गाठ आडवी आहे की उभट तेही बघतात. पण गेन (परतलेला सिग्नल किती वाढवायचा ते) कमीजास्त केला, अंगावर फिरवायचा प्रोब थोडा कलला किंवा मशीन बदललं, की तीच गाठ वेगळी दिसते. प्रतिमेतला तो खरखरीत दाणेदारपणा, म्हणजे स्पेकल, परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून तयार होतो. नुसतं कोडिंग शिकलेला मुलगा त्याला कचरा समजून पुसून टाकेल आणि त्याबरोबर गाठीची कडही पुसट करेल. सिग्नल प्रोसेसिंग तू शिकतेच आहेस. पायथन, पायटॉर्च ही कोडिंगची साधनं आणि संख्याशास्त्र त्यावर चढवता येतं. उलटा प्रवास फार कमी जण करतात.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. निदानावर सही डॉक्टरचीच असणार, आणि ते योग्यच आहे. एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, असं म्हटलं होतं. रेडिओलॉजिस्ट अजून कामात बुडालेले आहेत. पण मशीनमधलं सॉफ्टवेअर डॉक्टर लिहीत नाहीत. ते लिहिणारे, वेगवेगळ्या मशीनवर तपासणारे, परवानगीसाठी पुरावे गोळा करणारे इंजिनिअर लागतात. मला विचारशील तर सॉफ्टवेअर तपासण्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. एक उदाहरण बघ. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, संशयास्पद जागा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली. पुढे २००७ मध्ये ४३ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांत पुन्हा तपासणीला बोलावलेल्या स्त्रिया वाढल्या, बायोप्सी वाढल्या, कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही.

पदवीनंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंग किंवा मेडिकल इमेजिंगमध्ये मास्टर्स कर. प्रवेश घेताना विभागाचं नाव किती आकर्षक आहे ते बघू नकोस. तिथले प्राध्यापक एखाद्या रुग्णालयाबरोबर प्रत्यक्ष काम करतात का, ते विचार.

आणि प्रोजेक्ट सादर करण्याआधी मॉडेलने चुकवलेल्या प्रतिमा प्रिंट काढून एखाद्या रेडिओलॉजिस्टकडे घेऊन जा. अर्धा तासच माग. त्यांनाही अवघड वाटलेल्या कोणत्या आणि तुझ्या मॉडेलने उगाच चुकवलेल्या कोणत्या, हे दोन ढीग वेगळे करून आण. रिपोर्टमधलं एक प्रकरण त्यावरच लिही. मुलाखतीत त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न येतील.