आकडा येतो, पण कशाचा?

खानापूर भागातल्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात नव्यानं लागलेल्या मॅडमनी विचारलंय: आर्ट्सच्या पोरांना आठवड्याला एक तास व्यवहारी गणित शिकवायचंय, पुस्तक ठरलेलं नाही, आणि पोरं म्हणतात, "गणित नको म्हणूनच तर आर्ट्सला आलो." सुरुवात कशानं करू?

मॅडम, मी बेळगावात पीयूसीला बेसिक मॅथ्स बरीच वर्षं शिकवलं. पहिल्या तासाला फळ्यावर 'शेकडेवारी' लिहू नका, अर्धा वर्ग तिथंच माना खाली घालतो. घरातल्या जमिनीच्या उताऱ्याची झेरॉक्स आणायला सांगा, नावावर पट्टी चिकटवून. आपल्या पोरांना आकडेमोड येत नाही असं नाही, मोबाईल आहेच की हातात. आकडा कशाचा, ते विचारायची सवय नाही.

एकदा मी उताऱ्यावर असतं तसं फळ्यावर 1-20 लिहिलं आणि दोघा भावांत सारखी वाटणी करा म्हटलं. मागच्या बाकावरच्या एकानं मोबाईलवर 1.20 भागिले 2 केलं न् "0.60, सर" म्हणून मोकळा झाला.
"साठ काय?"
"गुंठे."
"एकरात गुंठे किती?"
"चाळीस."
मग वर्गच हसायला लागला. दीड एकराची वाटणी होऊन तीन एकर झाले होते! 1-20 म्हणजे एक एकर वीस गुंठे, एकूण साठ गुंठे, प्रत्येकी तीस. पुढं 2-25 आणि 1-30 ची बेरीज द्या. 4-15 ऐवजी 3.55 सांगणारा एक तरी निघतोच.

आपल्याकडं याला आणखी एक फाटा आहे. कित्येकांची थोडी जमीन हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगडात. तिथल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर, आणि हेक्टरचे आर शंभर, म्हणून तिथं 1.20 हा सरळ दशांशच. तोच आकडा इकडं दीड एकर, तिकडं 2.97 एकर. हे एवढं पटलं की पोरं आपणहून विचारायला लागतात, "सर, हे कशात लिहिलंय?" तेवढ्यासाठी एक अख्खा महिना गेला तरी जाऊ दे.

नंतर मैदानात न्या. सुतळीनं 33 बाय 33 फुटांचा चौकोन आखा: 1089 चौरस फूट, एक गुंठा. "गुंठ्यात 30 बाय 40 चा प्लॉट बसतो का?" विचारा. 111 चौरस फूट कमी पडतात, पण बहुतेक जण "बसतो" म्हणतात.

उसाच्या घरात उतारा म्हणजे साखरेचा, उसातून शेकडा किती साखर निघते तो, तोही घ्या. 2025-26 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, वरच्या दर 0.1 टक्क्याला 3.46 जादा. 11.25 उताऱ्याला टनाचे किती? 3,896 आले पाहिजेत, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. भाव क्विंटलचा, बोलणं टनाचं.

गृहज्योतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या फुकट विजेच्या योजनेच्या, बिलाला दहा मिनिटं पुरतात. 2022-23 ची महिन्याची सरासरी 150 युनिट असेल तर वर 10 टक्के धरून 165 युनिट फुकट. 200 जाळले तर 35 चे पैसे, 201 झाले की सगळ्याचे.

व्याजाला मात्र वेळ द्या. "महिना शेकडा दोन" म्हणजे वर्षाला 24, इथं आधी थांबा. मग फ्लॅट व्याज, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच. मी स्वतः स्कूटरसाठी एका पतसंस्थेतून असं कर्ज काढून बसलो होतो, गणिताचा मास्तर असून! 50,000 रुपये, 12 टक्के, बारा हप्ते. व्याज 6,000, म्हणजे दरमहा 500 आणि मुद्दल 4,167. शेवटच्या महिन्यात मुद्दल राहिलेलं असतं फक्त 4,167, पण व्याज तेच 500. त्या एका महिन्याला 12 टक्के! वर्षाचा खरा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. बाराही महिने फळ्यावर मांडा, सूत्र देऊ नका. आणि घरच्या कर्जाचे कागद मागवू नका. मी मागवले होते, तर एक मुलगी दोन आठवडे वर्गात आली नाही. कागद आपला वापरावा.

भाषेवरून अडवू नका. दहावीपर्यंत मराठी, मग एकदम इंग्रजी. एकोणपन्नासमध्ये पन्नास ऐकू येतं, कन्नडच्या नलवत्तोंबत्तूमध्ये चाळीस, आणि वहीत लिहायचं फॉर्टी नाइन. कुठल्याही भाषेत मोजू द्या.

मैदानात गुंठा आखायला टेप मात्र लांब घ्या, 50 फुटी. मी 5 मीटरची नेली होती. दोनदा जोडताना प्रत्येक बाजू दीड फूट कमी भरली आणि माझ्या पहिल्या गुंठ्यातून 97 चौरस फूट गायब झाले. ते पोरांनीच काढून दाखवलं.